संभाव्यतेचे प्राथमिक नियम व त्यांचे अध्यापन

(वरच्या प्राथमिक वर्गांना गणित शिकविणाऱ्या शिक्षकांसाठी)

१. प्रास्ताविक

अंकगणितातील बहुतेक उदाहरणांचे उत्तर निश्चित असते. सात आठे छप्पन हे मोर्शीत जितके खरे, तितकेच मुंबईतही खरे. परंतु व्यवहारातील पुष्कळ प्रश्नांना असे निश्चित उत्तर देता येत नाही. पेरलेले बी उगवेल काय? सोडतीत आपले नाव निघेल काय? दोन दिवसांत पाऊस येईल काय? अशा प्रश्नांपुढे मनुष्य एक तर दैवावर हवाला ठेवतो, नाही तर मनाला वाटेल तो तर्क करतो. या दोहोंमध्ये तिसरा एक मार्ग आहे. जे निश्चित नाही त्याचेही मोजमाप करता येते, आणि त्या मोजमापाचे नियम बेरीज-वजाबाकीइतकेच काटेकोर आहेत. या शास्त्राला संभाव्यता म्हणतात.

हा विषय दहावीच्या गणिताच्या पहिल्या भागात पद्धतशीरपणे येतो. परंतु त्याचे बीज पाचवी ते आठवीच्या वर्गांतच पेरले गेले पाहिजे. कारण चुकीच्या समजुती त्याच वयात मनात घर करतात, आणि मागाहून त्या उपटून काढणे कठीण जाते. ज्याला अपूर्णांकांची बेरीज व गुणाकार येतो, त्या विद्यार्थ्याला या विषयाची मूलतत्त्वे समजण्यास कोणतीही अडचण नाही.

२. आपल्या प्रदेशातील एक जुनी कथा

विषयप्रवेशासाठी शिक्षकांना दूर जाण्याचे कारण नाही. मोर्शीजवळ सिंभोरा येथे वर्धा नदीवर जे ऊर्ध्व वर्धा धरण आहे, त्याच्या जलाशयाला नल-दमयंती सागर असे नाव दिलेले आहे. दमयंती ही विदर्भराज भीमाची कन्या. त्याची राजधानी कुंडिनपूर म्हणजेच याच नदीच्या काठी, तिवसा तालुक्यात असलेले कौंडण्यपूर, अशी परंपरा आहे. नळाने द्यूतात राज्य गमावले, हे मुलांना ठाऊक असते. परंतु महाभारताच्या वनपर्वातील या कथेचा पुढील भाग सहसा सांगितला जात नाही.

राज्य गेल्यावर नळ हा बाहुक या नावाने अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाकडे सारथी म्हणून राहिला. विदर्भाकडे येत असता वाटेत एक बेहड्याचे झाड लागले. ऋतुपर्णाने झाडाकडे पाहून सांगितले की, त्याच्या दोन फांद्यांवर पाच कोटी पाने व २०९५ फळे आहेत. बाहुकाचा विश्वास बसेना. त्याने रथ थांबविला, झाड तोडले आणि फळे मोजली. तो संख्या बरोबर निघाली. तेव्हा ऋतुपर्णाने त्याला द्यूताचे रहस्य व संख्याविद्या शिकविली, आणि त्याच्या मोबदल्यात नळाची अश्वविद्या मागितली. प्राचीन काळी द्यूतातील अक्ष हे याच बेहड्याच्या फळांचे असत, हेही येथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

कथेतील आकडे अक्षरशः घ्यावेत असे नाही. परंतु झाड मोजण्याची विद्या आणि द्यूत जाणण्याची विद्या एकाच गुरूकडून, एकाच वेळी दिली जाते, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. थोड्यावरून पुष्कळाचा अंदाज करणे आणि अनिश्चिताचे मोजमाप करणे ही एकाच शास्त्राची दोन अंगे होत. युरोपात या शास्त्राची पद्धतशीर मांडणी १६५४ मध्ये पास्काल व फर्मा या दोन फ्रेंच गणितज्ञांच्या पत्रव्यवहारातून सुरू झाली, आणि तीही द्यूतातील एका प्रश्नावरूनच.

३. मूळ संज्ञा

साहित्य: एक नाणे, आणि घासून दोन भाग केलेले चिंचोके. चिंचोक्याच्या भागाची एक बाजू पांढरी व दुसरी काळपट असते. हे साहित्य प्रत्येक खेड्यात फुकट मिळते.

ज्या प्रयोगात कोणकोणत्या गोष्टी घडू शकतात हे आधी सांगता येते, परंतु त्यांपैकी नेमकी कोणती घडेल हे सांगता येत नाही, त्याला यादृच्छिक प्रयोग म्हणतात. प्रयोगातून जे निघते ती निष्पत्ती. सर्व निष्पत्तींचा समूह म्हणजे नमुना अवकाश. त्यांतील ज्या निष्पत्तींकडे आपले लक्ष आहे, त्यांचा समूह म्हणजे घटना. सर्व निष्पत्ती समसंभाव्य असतील, म्हणजे एकीचे पारडे दुसरीपेक्षा जड नसेल, तर

घटनेची संभाव्यता = घटनेतील निष्पत्तींची संख्या ÷ एकूण निष्पत्तींची संख्या.

जी घटना घडणे अशक्य, तिची संभाव्यता ०. जी निश्चित घडणार, तिची १. इतर सर्व घटनांची संभाव्यता या दोहोंच्या दरम्यान असते. एखाद्या विद्यार्थ्याने संभाव्यता ५/४ काढली, तर उदाहरण पुन्हा तपासण्यास सांगावे.

येथे एक धोक्याची जागा आहे. दोन नाणी एकदम उडविली तर काय काय घडेल, असे विचारताच बहुतेक वर्ग उत्तर देतो: दोन छापे, दोन काटे, किंवा एक छापा व एक काटा; म्हणून प्रत्येकाची संभाव्यता १/३. हे उत्तर चूक आहे. एक नाणे रुपयाचे व दुसरे दोन रुपयांचे घेऊन फळ्यावर तक्ता काढावा: छापा-छापा, छापा-काटा, काटा-छापा, काटा-काटा. निष्पत्ती चार आहेत. एक छापा व एक काटा ही घटना दोन प्रकारांनी घडते; म्हणून तिची संभाव्यता २/४, अर्थात १/२ होय. १७५४ मध्ये फ्रेंच विश्वकोशात लिहिताना दालांबेर या थोर गणितज्ञाचीही याच जातीची चूक झाली होती. दोन फेकींत निदान एकदा छापा पडण्याची संभाव्यता ३/४ असता त्याने ती २/३ धरली. तेव्हा वर्गातील मुलाने ही चूक केली तर त्याला हसू नये. तक्ता मांडावयास लावावे.

४. प्रयोगावरून काढलेली संभाव्यता

सर्वच प्रयोगांत निष्पत्ती समसंभाव्य नसतात. कवडी फेकली असता ती उताणी किंवा पालथी पडते. परंतु तिचा आकार पाहता दोन्हींची संभाव्यता सारखी मानता येत नाही. चिंचोक्याचेही तसेच. अशा वेळी प्रयोग पुष्कळदा करून प्रमाण काढणे हाच उपाय. वर्गातील ३० मुलांनी प्रत्येकी २० वेळा चिंचोका फेकला तर ६०० फेकी होतात. प्रत्येक मुलाचे प्रमाण वेगवेगळे येईल. सर्वांची बेरीज करून येणारे प्रमाण मात्र अधिक भरवशाचे असेल. फेकींची संख्या वाढेल तसतसे प्रमाण खऱ्या संभाव्यतेच्या निकट जाते, हे याकोब बेर्नुली याच्या १७१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात सिद्ध केलेले आहे.

याची एक सुंदर साक्ष दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील आहे. जॉन केरिच नावाचे गणिताचे अध्यापक डेन्मार्कमध्ये स्थानबद्ध झाले होते. त्या सक्तीच्या रिकामपणात त्यांनी एक नाणे १०,००० वेळा उडवून नोंद ठेवली. पहिल्या १० फेकींत छापे ४, १०० फेकींत ४४, १,००० फेकींत ५०२ आणि १०,००० फेकींत ५,०६७ निघाले. हे आकडे फळ्यावर लिहून मुलांना नीट पाहण्यास सांगावे. १०० फेकींच्या शेवटी छापे निम्म्यापेक्षा ६ ने कमी होते. १०,००० च्या शेवटी ते निम्म्यापेक्षा ६७ ने अधिक होते. म्हणजे फरक कमी झाला नाही, उलट वाढला! परंतु शेकडा प्रमाण पाहिले तर ते ४४ वरून ५०.६७ वर आले. नाणे मागची तूट भरून काढीत नाही. फेकींच्या मोठ्या संख्येपुढे ती तूट क्षुल्लक ठरते, इतकेच. चार वेळा काटा पडला म्हणून पाचव्या वेळी छापाच पडेल असे जे मुलांना वाटते, ते म्हणूनच खरे नाही. नाण्याला स्मरणशक्ती नसते.

शेतकऱ्याच्या घरातील मुलाला हे शास्त्र त्याच्या अंगणातच दाखविता येते. पेरणीपूर्वी सोयाबीनचे १०० दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतात आणि काही दिवसांनी उगवलेले दाणे मोजतात. ७० किंवा अधिक उगवले तर बियाणे पेरणीयोग्य मानतात. ही संभाव्यतेचीच परीक्षा होय. २०२० च्या खरिपात महाराष्ट्रात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी ठिकठिकाणांहून आल्या व पुष्कळांवर दुबार पेरणीची पाळी आली. घरातील शिकत्या मुलाने शंभर दाणे मोजून वडिलांना आधीच सावध करावे, याहून गणिताचा मोठा उपयोग कोणता?

मात्र दाणे निवडताना टपोरे तेवढे वेचून घेतले तर परीक्षा निरुपयोगी होते. पोत्यात वर-खाली हात घालून, न पाहता दाणे घेतले पाहिजेत. १९४० नंतरच्या दशकात डॉ. पां. वा. सुखात्मे व वि. गो. पानसे या दोन महाराष्ट्रीय संख्याशास्त्रज्ञांनी पिकांच्या उत्पन्नाचा अंदाज काढण्यासाठी याच तत्त्वावर यादृच्छिक नमुन्याची पद्धत देशात रुजविली. आजही पीक कापणी प्रयोगासाठी शेत व त्यातील तुकडा मर्जीने निवडीत नाहीत, यादृच्छिक अंकांच्या आधारे निवडतात. आणि पीक विम्याची भरपाई अशा प्रयोगांतून निघालेल्या उत्पन्नावर अवलंबून राहत आली आहे. बेहड्याच्या दोन फांद्या पाहणाऱ्या ऋतुपर्णाचीच ही विद्या, असे मुलांना सांगता येईल.

५. मुख्य नियम

पहिला नियम (पूरक घटना): घटना घडण्याची व न घडण्याची संभाव्यता मिळून १ होते. बी उगवण्याची संभाव्यता ३/४ असेल, तर न उगवण्याची १/४.

दुसरा नियम (बेरीज): दोन घटना एकदम घडू शकत नसतील, तर त्यांपैकी कोणती तरी एक घडण्याची संभाव्यता म्हणजे दोहोंची बेरीज. टोपलीतील २० संत्र्यांपैकी ३ डागी व ५ हिरवट आहेत, आणि कोणतेही फळ दोन्ही प्रकारचे नाही. न पाहता उचललेले फळ डागी किंवा हिरवट असण्याची संभाव्यता ३/२० + ५/२० = ८/२०, म्हणजे २/५.

परंतु दोन घटना एकदम घडू शकत असतील, तर सामाईक भाग एकदा वजा करावा लागतो. वर्गात ३० मुले आहेत. १८ मुलांच्या घरी कपाशी आहे, १४ मुलांच्या घरी संत्र्याची बाग आहे आणि ८ मुलांच्या घरी दोन्ही आहेत. एका मुलाचे नाव चिठ्ठीने काढले. त्याच्या घरी कपाशी किंवा संत्री असण्याची संभाव्यता १८/३० + १४/३० − ८/३० = २४/३०, म्हणजे ४/५. नुसती बेरीज केली असती तर ३२/३० आले असते, आणि ते तर अशक्य! मुलांना वर्गात प्रत्यक्ष उभे करून हा नियम दाखवावा. दोन्ही गटांत उभी राहणारी आठ मुले दोनदा मोजली गेली, हे त्यांच्या आपोआप ध्यानात येते.

तिसरा नियम (गुणाकार): दोन घटना परस्परांवर अवलंबून नसतील, तर दोन्ही घडण्याची संभाव्यता म्हणजे दोहोंचा गुणाकार. कपाशीची टोबणी करताना एका ठिकाणी दोन बिया टाकल्या, व प्रत्येक बी उगवण्याची संभाव्यता ३/४ आहे असे समजा. दोन्ही न उगवण्याची संभाव्यता १/४ × १/४ = १/१६. म्हणून निदान एक तरी उगवण्याची संभाव्यता १५/१६. एकेक बी टाकले तर १,६०० ठिकाणांपैकी सुमारे ४०० रिकामी राहतील. दोन-दोन टाकल्यास सुमारे १०० च रिकामी राहतील. आपले वडीलधारे हा हिशेब कागदावर न मांडता अनुभवाने जाणत आले आहेत.

या नियमातील अट शिक्षकांनी विसरू नये व मुलांनाही विसरू देऊ नये. मृग कोरडा गेला आणि जमिनीतील ओल तुटली, तर दोन्ही बिया एकाच कारणाने मरतात. मग त्या परस्परांपासून स्वतंत्र राहत नाहीत, आणि १/१६ हा हिशेब कोसळतो. एका ठिकाणी दोन बिया टाकणे हा निकृष्ट बियाण्यावरचा उपाय आहे, अवर्षणावरचा नव्हे. नियम पाठ करणे सोपे. तो कोठे लागू पडत नाही हे ओळखणे म्हणजे गणित समजणे.

चौथा नियम (अवलंबी घटना): पहिल्या घटनेमुळे दुसरीची परिस्थिती बदलत असेल, तर दुसरीची संभाव्यता बदललेल्या परिस्थितीत काढून मग गुणाकार करावा. याचे उदाहरण पुढील कलमात दिले आहे.

६. सोडत न्याय्य असते काय?

सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत निघते तेव्हा चिठ्ठी बहुधा एखाद्या लहान मुलाच्या हातून काढवितात. बालकांच्या शिक्षणाच्या हक्काच्या २००९ च्या कायद्यान्वये खाजगी शाळांत राखून ठेवलेल्या २५ टक्के जागांसाठी अर्ज अधिक आले, तर प्रवेशही सोडतीनेच ठरतात. तेव्हा सोडतीचे गणित नागरिकाला अवगत असले पाहिजे.

पाच चिठ्ठ्यांपैकी एकीवर निवड लिहिले आहे. पाच मुले क्रमाने चिठ्ठी उचलतात. पहिल्याला फायदा अधिक काय? पुष्कळ मुले होय म्हणतात. हिशेब करू. पहिल्याची संभाव्यता १/५. दुसऱ्याला मिळण्यासाठी पहिल्याची चिठ्ठी कोरी निघाली पाहिजे: ४/५ × १/४ = १/५. तिसऱ्यासाठी ४/५ × ३/४ × १/३ = १/५. चौथ्या व पाचव्याचेही उत्तर तेच. म्हणून आधी उचलण्यासाठी धक्काबुक्की करण्याचे कारण नाही. मात्र चिठ्ठ्या एकाच मापाच्या, एकसारख्या घडी केलेल्या व नीट मिसळलेल्या असल्या पाहिजेत. समसंभाव्यता आपोआप येत नाही. ती काळजीपूर्वक निर्माण करावी लागते.

७. आकड्याचा फसवा हिशेब

हा भाग आठवीच्या वर्गात अवश्य घ्यावा. वऱ्हाडातील कपाशीचा व आकड्याच्या जुगाराचा एक दूरचा संबंध आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडते व बंद होते भाव टेलिप्रिंटरने मुंबईस येत आणि त्यांतील अंकांवर लोक पैसे लावीत. १९६१ मध्ये तो मार्ग बंद पडला. पुढे मडक्यातून चिठ्ठ्या काढून किंवा पत्ते ओढून आकडा ठरविण्यात येऊ लागला व त्याला मटका हे नाव पडले. आज तोच मोह मोबाइलच्या पडद्यावर वेगळ्या वेषात येतो.

० ते ९ या दहा अंकांपैकी एकावर पैसे लावावयाचे, आणि तो लागला तर एका रुपयाचे नऊ रुपये परत मिळतात, असे समजा. दहाही अंक समसंभाव्य मानले, तर जिंकण्याची संभाव्यता १/१०. दहा जणांनी दहा वेगवेगळ्या अंकांवर एकेक रुपया लावला, तर दहा रुपये जमतात, नऊ वाटले जातात, एक रुपया खेळ चालविणाऱ्याकडे राहतो. कोणता अंक लागतो याच्याशी त्याला कर्तव्य नसते. त्याचा रुपया निश्चित असतो. अनिश्चितता सगळी खेळणाऱ्याच्या वाट्याला येते. हाही हिशेब सोडत प्रामाणिक आहे असे मानून केलेला आहे.

यावर खेळणारा म्हणतो, अमुक अंक दहा दिवसांत आला नाही, आता तो यावयाचाच. दहा दिवस न येण्याची संभाव्यता ०.९ चा दहा वेळा गुणाकार, म्हणजे सुमारे ०.३५ असते. तेव्हा त्यात नवल काहीच नाही. आणि अकराव्या दिवशीही त्या अंकाची संभाव्यता १/१० च राहते. दुसरा म्हणतो, हरलो की रक्कम दुप्पट करीन. एकदा जिंकलो की सारे वसूल. दहा रुपयांपासून आरंभ केल्यास सात दिवसांत १० + २० + ४० + ८० + १६० + ३२० + ६४० = १,२७० रुपये जातात आणि आठव्या दिवशी १,२८० रुपये लावावे लागतात. सातही दिवस हरण्याची संभाव्यता सुमारे ०.४८ आहे. म्हणजे असा बेत करणाऱ्या दर दोघांपैकी जवळजवळ एक जण आठवड्यात त्या अवस्थेस पोचतो. मजुरीवर चालणाऱ्या घरात १,२७० रुपये म्हणजे काय, हे मुलांना वेगळे सांगावे लागत नाही.

हा पाठ घेताना कोणत्याही मुलाच्या घरचा उल्लेख करू नये, किंवा कोणाला मान खाली घालावी लागेल असा प्रश्न विचारू नये. फळ्यावरचे आकडेच बोलू द्यावेत. उपदेश विसरला जातो. स्वतः केलेला हिशेब सहसा विसरत नाही.

८. अध्यापनाविषयी सूचना

(अ) पाचवीत केवळ अशक्य, शक्य, निश्चित हे शब्द रुजवावेत. सहावी-सातवीत अपूर्णांकाने संभाव्यता लिहावी व प्रयोग करावेत. नियम आठवीत घ्यावेत.
(आ) आधी अंदाज, मग प्रयोग, शेवटी हिशेब हा क्रम ठेवावा. अंदाज चुकल्याखेरीज हिशेबाची गरज पटत नाही.
(इ) प्रयोगाच्या नोंदी खऱ्या लिहावयास लावाव्यात. १०० फेकींत ४४ छापे निघाले तर ४४ च लिहावेत. उत्तर सुबक दिसावे म्हणून ५० लिहू नयेत.
(ई) खेळाच्या उदाहरणांत पैशाची पैज कधीही लावू देऊ नये.

९. स्वाध्याय

१. तीन नाणी उडविली. निदान एक छापा पडण्याची संभाव्यता काढा.
२. दोन फासे फेकले. बेरीज ७ येण्याची व १२ येण्याची संभाव्यता काढा. त्या सारख्या का नाहीत?
३. २० संत्र्यांपैकी ४ डागी आहेत. एकामागून एक दोन संत्री न पाहता घेतली, पहिले परत ठेवले नाही. दोन्ही चांगली निघण्याची संभाव्यता काढा.
४. १०० पैकी ६४ दाणे उगवले. हे बियाणे पेरावे काय? आपले मत सकारण लिहा.

उत्तरे: (१) ७/८. (२) १/६ व १/३६. ७ ही बेरीज सहा प्रकारांनी येते, १२ एकाच प्रकाराने. (३) १६/२० × १५/१९ = १२/१९. (४) उगवण्याची संभाव्यता ०.६४, ७० च्या मर्यादेहून कमी. परीक्षा पुन्हा करून पाहावी, आणि उत्तर तेच आले तर बियाणे बदलावे किंवा त्याचे प्रमाण वाढवावे.

उद्या काय होईल हे संभाव्यता सांगत नाही. उद्याविषयी आज किती भरवसा धरावा, एवढेच ती सांगते. पावसावर शेती व शेतीवर संसार असलेल्या आपल्या भागात एवढे ज्ञानही थोडे नव्हे. नळाला ही विद्या राज्य गमावल्यानंतर मिळाली. आपल्या विद्यार्थ्यांना ती आधीच मिळावी, एवढ्यासाठी शिक्षकांनी हा पाठ आपल्या वर्गात अवश्य घ्यावा.

— शिक्षण विस्तार अधिकारी, मोर्शी